गुरुजींची साखर

प्रूफरीडर गुरुजी मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, आणि त्यांना मी. यात कुणी कुणाची फसवणूक केली नाही. पाच वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना, दीड हाताच्या अंतरावर बसलो आणि एकमेकांचा मनापासून द्वेष केला. लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणते ती हाताची सवय. मनात मी त्यांना कधीच अहोजाहो केलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मंद्रूप सोडून सोलापुरात आलो. नवरा मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला. मी अकरावी पास होते, दोन पोरांची आई होते, वय अठ्ठावीस. नव्या पेठेमागच्या गल्लीत एक छापखाना होता, तिथं मला काम मिळालं. काम वाचायचं होतं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून झाले की त्यांचं कच्चं प्रूफ निघे. लेखकाचा मूळ कागद मी मोठ्याने वाचायचा आणि समोर बसलेल्या प्रूफरीडरनं हातातल्या प्रूफावर नजर ठेवून चुका पकडायच्या. नुसते शब्द वाचून भागत नसे. 'समस्त सभासद बंधूंना स्वल्पविराम कळविण्यात येते की' असं चिन्हांसकट, दिवसभर.

गुरुजी पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळके, धोतर कडक इस्त्रीचं. माझ्या तोंडात गावची बोली. मी 'पानी' म्हणाले की ते पेन्सिल खाली ठेवत.

"पाणी. जीभ टाळूला लावा बाई. म्हशीला पाजायचं ते पानी. हे पुस्तक आहे."

पलीकडं खिळे जुळवणारे हसत. मशीनमनसुद्धा हसे. तो घरात तेलुगू बोलणारा, त्याच्या मराठीला कुणी काही म्हणत नसे, कारण तो मशीन चालवत होता. मी मात्र भाषेवर पोट भरत होते. म्हणून माझी जीभ रोज सगळ्यांसमोर सरळ केली जाई.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. उलटा खिळा, तुटका रफार, ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ, पाच फुटांवरून दिसे. त्यांचा माज त्या नजरेचा होता.

मग चुका सुटायला लागल्या.

पहिली मोठी चूक एका लग्नपत्रिकेत झाली. दुधनीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पाचशे पत्रिका छापून, हळदकुंकू लावून गेल्या. चौथ्या दिवशी तो माणूस गठ्ठा घेऊन आला आणि त्यानं तो मालकांच्या टेबलावर आपटला. पत्रिकेवर मोठ्या टाइपात 'शुभविवाद' असं छापलं होतं.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. गुरुजी क्षणभरही थांबले नाहीत. "बाईंनी वाचलंच तसं," ते म्हणाले. "यांच्या तोंडात कुठलं अक्षर कुठं जाईल याचा नेम नाही."

"मी विवाहच वाचलंवतं," मी म्हणाले.

"ऐका," गुरुजी मालकांना म्हणाले. "वाचलंवतं."

मालकांनी सगळ्यांसमोर मला झापलं. त्या दिवसापासून मी गुरुजींवर पाळत ठेवली. त्यांनी तपासून सही केलेली प्रुफं काम झाल्यावर रद्दीत जात. ती मी काढून घ्यायची, त्यांच्या नजरेतून सुटलेल्या चुका शोधायची, घडी करून पिशवीत ठेवायची. घरी पत्र्याच्या पेटीत तो गठ्ठा वाढत गेला. कुणाला दाखवायचा हे ठरलं नव्हतं. असला म्हणजे झालं, असं वाटे.

चुका शोधता शोधता वेळ लक्षात आली. त्यांच्या चुका बहुतेक अकरा ते साडेबाराच्या दरम्यान होत. त्याच वेळी त्यांचा तोल जाई. आधी जांभया येत. मग कपाळावर घाम, थंडीतसुद्धा. पेन्सिल धरलेली बोटं थरथरत. मग एखाद्या अनुस्वारावरून ते असं काही बोलत की बाईमाणसाशी कुणी बोलू नये. माझ्या बापाचं काढत, गावाचं काढत, माझ्या अंगाला भाकरीचा धूर येतो म्हणत. एक वाजता डबा उघडून खाल्लं की पंधरा मिनिटांत वेगळा माणूस. "बाई, पंखा हवाय का?" असं विचारत. सकाळी काय बोललो ते त्यांना खरोखर आठवत नसे. मला तेच जास्त लागे. मी दिवसभर जळत बसायची आणि त्यांच्याकडं राखसुद्धा नाही.

पुढं जेवणानंतरही काहीतरी बिनसायला लागलं. एकच ओळ दोनदा वाचायला लावत. आपण कुठल्या पानावर आहोत ते तीन-तीनदा विचारत. वीस वर्षं ज्या मशीनमनबरोबर काम केलं त्याला हाक मारताना नाव सुचेना म्हणून "अहो, ते हे" म्हणून हात हलवत. मशीनमननं एकदा मागच्या मुतारीतून येऊन सांगितलं, "मुंग्या लागल्या तिथं. कुणाला गोड रोग झाला इथं, देवाला माहीत." सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. काही महिन्यांनी मी त्यांना कागदाच्या पुडीतली पांढरी गोळी घेताना पाहिलं; घेत आधीपासूनच असावेत. "पित्ताची," ते न विचारता म्हणाले.

त्यांना लपवायला कारण होतं. आधीच्या प्रूफरीडरची नजर अधू झाली तेव्हा मालकांनी त्याला आठवड्यात घरी बसवलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

शहात्तर साली छापखान्यात एक पुस्तिका आली. गावातल्याच एका डॉक्टरांनी लिहिलेली, मधुमेहाच्या रोग्यांच्या घरच्या माणसांसाठी. बत्तीस पानं. ती मी गुरुजींना वाचून दाखवली, कारण तेच माझं काम होतं. पहिली पानं रक्तातल्या साखरेची, पथ्याची. त्यांनी मुकाट्यानं खुणा केल्या. मग मेंदूचं प्रकरण आलं.

मी वाचत गेले. मेंदूच्या पेशी साखरेवर जगतात. शरीराचे इतर भाग अडीअडचणीला चरबी जाळून वेळ निभावतात, पण मेंदूच्या पेशींच्या घरात कणगी नसते. रक्तातून येईल ती साखर त्या घेतात आणि लगेच खर्च करतात. औषध जास्त झालं किंवा जेवण चुकलं की रक्तातली साखर उतरते आणि सगळ्यात आधी मेंदू उपाशी पडतो.

"पुढे," गुरुजी म्हणाले.

"अशा वेळी रोग्यास दरदरून घाम सुटतो स्वल्पविराम हात थरथरतात स्वल्पविराम तो विनाकारण चिडतो स्वल्पविराम आप्तेष्टांस टाकून बोलतो पूर्णविराम. त्याच्याशी वाद घालू नये अर्धविराम ताबडतोब साखरपाणी द्यावे पूर्णविराम. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत बराच वेळ गेल्यास मेंदूच्या पेशी मरतात व मेलेली पेशी पुन्हा उत्पन्न होत नाही पूर्णविराम."

मी मान वर केली. त्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण हलत नव्हती.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुमाला पन..."

"तुम्हाला," ते म्हणाले. "ह कुठं गेला? आणि पण. न नाही."

"मी कुनाला सांगनार न्हाई."

ते पुढं वाकले. आवाज अगदी खाली होता. "सांगण्यासारखं काही नाहीच. आणि असली घाणेरडी शंका मालकांच्या कानावर गेली, तर या दारात तुमचा पाय पुन्हा पडणार नाही. वाचा."

मी पुढचं वाचलं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर काय होतं ते त्या पानावर होतं. मेंदूतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या जाड होतात, पेशींना थोडं थोडं कमी पोचतं, विसर पडायला लागतो, शब्द सापडत नाहीत. ते पानही त्यांनी तपासलं आणि सही केली. त्यावर तीन चुका तशाच राहिल्या होत्या. एका ठिकाणी 'पेशी'ची 'पेटी' झाली होती. डॉक्टरांची पुस्तिका खराब होऊ नये म्हणून त्या मी गुपचूप दुरुस्त करून घेतल्या. मूळ प्रूफ मात्र घरी नेलं.

त्यानंतर थोडे दिवस मी माणसासारखी वागले. भाकरीबरोबर गुळाचा खडा बांधून आणायची. एकदा सव्वाअकराला त्यांच्या कपाळावर घाम दिसला तशी मी कागदावर गूळ ठेवून पुढं सरकवला. त्यांनी तो उचलला आणि खिडकीतून बाहेर फेकला.

"विष घालता का मला?" ते ओरडले. आत सगळं काम थांबलं. "ही बाई मला गूळ चारून मारायला निघालीय!"

हे त्यांच्या उपाशी मेंदूचं बोलणं होतं, हे मला पुस्तिकेतून कळलेलं होतं. कळून काय करायचं? अपमान व्हायचा तो झालाच. दुसऱ्या दिवसापासून मी गूळ आणला नाही.

पुढच्या श्रावणातली ही गोष्ट. सोमवार होता. गुरुजी श्रावणी सोमवार कडक पाळत, संध्याकाळी पूजा झाल्यावरच जेवत. सकाळी मी आले तेव्हा ते मालकांच्या केबिनमध्ये होते. दार उघडंच होतं आणि त्यांना सगळ्यांनी ऐकावं असंच वाटत होतं.

"मी सही केल्यावर बाई प्रुफं बदलतात. माझ्या नावावर चुका याव्यात म्हणून. मी पाहिलंय. यांना काढा, नाहीतर मी येणार नाही."

मी केबिनच्या दारात उभी राहिले. "खोटं हाय मालक," मी म्हणाले. पेटीतल्या गठ्ठ्याची आठवण झाली. तो दाखवला असता तर मीच प्रुफं चोरते असं झालं असतं.

"महिनाअखेर बघू," मालक म्हणाले. "आत्ता कामाला लागा दोघं."

एका शाळेचा वार्षिक अहवाल होता. बक्षीस मिळालेल्या मुलांची नावं, पानंच्या पानं. मी वाचायला लागले. माझे कान तापलेले होते. घरी नवऱ्याला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

अकराच्या सुमारास गुरुजींना जांभया सुरू झाल्या. मग घाम आला. मानेवरून गळ्यात, सदऱ्याच्या कॉलरमध्ये. मी वाचत राहिले. थोड्या वेळानं पेन्सिल एकाच अक्षराभोवती गोल गोल फिरायला लागली, कागद फाटला. मी वाचत राहिले. ते काहीतरी म्हणाले, ते त्या पानावर नव्हतं. "दप्तर," असं काहीतरी. त्यांची नजर माझ्यावर होती, पण मी त्यांना दिसत नव्हते. मला सगळं कळत होतं. बत्तीस पानं मला जवळजवळ पाठ होती. साखर मागच्या खोलीत चहाच्या डब्यात होती, वीस पावलांवर. उपास असो, मी त्यांच्या तोंडात साखर कोंबायला हवी होती.

मी वाचत राहिले. 'इयत्ता सहावी स्वल्पविराम निबंधलेखन स्वल्पविराम द्वितीय क्रमांक पूर्णविराम.' भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याकडं दोनदा पाहिलं, म्हणून किती वेळ गेला ते मला माहीत आहे. पाऊण तास. मनात एकच होतं, की आज सगळ्यांनी बघू दे याला काय होतं ते.

मग ते खुर्चीतून डाव्या अंगाला घसरले आणि डोकं टेबलाच्या पायावर आपटलं.

तेव्हा मी ओरडले. "साखर आना! त्यान्ला साखरेचा रोग हाय!" मशीनमन धावत आला. पण दात घट्ट बसले होते, साखरपाणी आत जाईना, ओठांवरून सगळं खाली. मालक माझ्याकडं बघत होते. "तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं. रिक्षात घालून गुरुजींना दवाखान्यात नेलं. मी, मशीनमन आणि मालक.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. मग आमच्याकडं वळले. "किती वेळ असे आहेत?"

"आत्ताच पडले," मी म्हणाले.

"पडायच्या आधी काही बदल? घाम, बडबड?"

"न्हाई," मी म्हणाले.

मशीनमन माझ्याकडं बघत होता.

गुरुजी तासाभरात शुद्धीवर यायला हवे होते. आले नाहीत. गोळीचा अंमल उतरेना, साखर पुन्हा पुन्हा खाली जात राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, घंटा झाली का. त्यांना अक्षरं ओळखता येत होती. एकेक अक्षर बरोबर सांगत. पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात गेलेली असे. डॉक्टरांनी मालकांना सांगितलं की हा माणूस आता वाचनाचं काम करू शकणार नाही.

मालकांनी मला गुरुजींच्या खुर्चीत बसवलं. माझी नोकरी राहिली, वाढली. पेटीतला गठ्ठा मी चुलीत घातला, कारण आता तो कुणालाही दाखवायची गरज उरली नव्हती. मशीनमन माझ्याशी बोलेनासा झाला. नवं प्रूफ आणून टेबलावर फेकायचा आणि जायचा. एका दुपारी मीच विचारलं, काय झालंय.

"मी मशीनवरून बघत होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "त्यांची मान लटकत होती. तुम्ही वाचत होता. मला वाटलं तुम्ही समोर बसलात, काही असेल तर उठाल."

"मग तू का नाही आलास?"

"मला रोग माहीत नव्हता, बाई. तुम्हाला माहीत होता."

चार महिने मी ते अंगावर वागवलं. मग एका रविवारी साखर पेठेत गुरुजींच्या घरी गेले. का गेले, याचं खरं उत्तर माझ्याकडं एकच आहे: मला झोप लागत नव्हती. त्यांच्यासाठी गेले असं म्हणणार नाही.

त्यांच्या बायकोनं दार उघडलं. मी तिला एकदाच, दवाखान्यात पाहिलं होतं. ती परातीत ज्वारी निवडत होती, परत तिथंच जाऊन बसली. मला बस म्हणाली नाही. गुरुजी कॉटवर बसले होते. चेहरा भरला होता. माझ्याकडं बघून हसले.

"शाळेतून आलात का?" त्यांनी विचारलं. "बसा की. पाणी द्या गं यांना."

पाच वर्षांत ते माझ्याशी इतकं नीट कधी बोललेले नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक उठली. ज्याचा मी द्वेष करत होते तो माणूस मला तिथं सापडेना.

"काकू," मी म्हणाले, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी..."

"मशीनवाल्यानं सांगितलंय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"मला कळत होतं, काकू. मी उठले नाही."

"बरं."

"मला..."

"तुम्हाला काय? रडायचंय? पाया पडायचंय?" आता तिनं वर पाहिलं. "त्या सकाळी यांनी गोळी घेतली. अर्ध्या तासानं विसरले, परत पुडी सोडली. मी म्हटलं, अहो, मघाशीच घेतली की. तर तांब्या फेकला माझ्या अंगावर. मग मी गप्प बसले. म्हटलं घे, काय घ्यायचं ते घे. बत्तीस वर्षं झाली मला गप्प बसून." ती परत ज्वारीकडं वळली. "माझं मी बघते. तुमचं ओझं माझ्या उंबऱ्यात आणून टाकू नका. हलकं व्हायला दुसरं घर बघा. आणि परत येऊ नका."

गुरुजी अजून हसत होते. "पाणी दिलं का यांना?" त्यांनी विचारलं.

तिनं दिलं नाही. मी उठले आणि आले.

रस्त्यानं येताना मला तिचा राग आला होता, हे लिहिलं पाहिजे. मी माफी मागायला गेले आणि तिनं दार लावून घेतलं, याचा राग. घरी येईपर्यंत तो उतरला नाही. गुरुजींचं ते टाकून बोलणं किती त्यांचं होतं आणि किती उपाशी पेशींचं, याचा हिशेब कुठलाही डॉक्टर देऊ शकणार नाही. मला मात्र काही झालेलं नव्हतं. त्या सोमवारी मी सकाळी भाकरी खाऊन आले होते.

गुरुजी त्यानंतर दोन वर्षं जगले. गेल्याची बातमी छापखान्यात आली तेव्हा मालकांनी मशीन बंद करायला सांगितलं. सगळे हात धुऊन साखर पेठेकडं निघाले. मशीनमन सगळ्यात पुढं होता. मी चप्पल घातली, चौकापर्यंत त्यांच्या मागून गेले आणि तिथून घराकडं वळले. पोरं शाळेतून यायची होती. मी चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं.